बॉयसनबेरी
रुबस प्रजातीतलं, म्हणजे गुलाबाच्याच कुळातलं, संकरित काटेरी झुडूप. फळ गडद मरून, साधारण ८ ग्रॅमचं, पिकल्यावर इतकं मऊ की तोडतानाच बोटं रंगतात, आणि त्यामुळे ताजं फार लांब जात नाही, बराचसा माल जॅम, पाय (फळाचं सारण भरून भाजलेला पदार्थ) नि फ्रोझनमध्येच संपतो.

उगमावर एकमत नाही. कॅलिफोर्नियात रूडॉल्फ बॉयसनने १९२० च्या सुमारास हा संकर केला असं बहुतेक जण धरतात, पण त्याला त्यातून धंदा काही जमला नाही. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी कृषी खात्याचे जॉर्ज डॅरो ही बेरी शोधत आले, सोबत कॅलिफोर्नियातल्याच ब्वेना पार्कचे शेतकरी वॉल्टर नॉट. बॉयसनच्या सोडून दिलेल्या अनाहाइमच्या जागेत तणात दडलेल्या चारदोन मरतुकड्या वेली मिळाल्या, त्या नॉटने आपल्या शेतात नेऊन जगवल्या, १९३२ च्या आसपास विकायला काढल्या आणि नाव मात्र बॉयसनचंच ठेवलं. आईबाप म्हणून रास्पबेरी, ब्लॅकबेरी, लोगनबेरी हे त्रिकूट सगळीकडे सापडतं, काही अभ्यासक ड्यूबेरीही (ब्लॅकबेरीची जमिनीवर पसरणारी बहीण) जोडतात. लोगनबेरी हाच मुळात ब्लॅकबेरी-रास्पबेरीचा संकर, त्यामुळे नावं मोजत बसण्यापेक्षा गुणसूत्रांकडे बघितलेलं बरं : लोगनबेरीत ४२, हिच्यात ४९, म्हणजे सात-सातचे सात संच. असा विषम हिशोब सहसा फळधारणेच्या आड येतो, तरीही हिला फळ व्यवस्थित धरतं, तेही दुसरं झाड शेजारी नसताना.

परसात लावायची तर भरपूर ऊन, पाण्याचा चांगला निचरा, मातीचा सामू (pH) ६ च्या आसपास. वेली लोळतात, तारेवर चढवाव्या लागतात, दोन झाडांत ५ ते ८ फूट ठेवावं. छाटणीत लोक हमखास फसतात. यंदा फुटलेली काठी फक्त पानं देते, फळ पुढच्या वर्षी, आणि फळ देऊन ती मरते. म्हणून तोडणी झाली की जुन्या काठ्या बुडातून काढायच्या, नव्या हिरव्या तशाच तारेला बांधायच्या. सरसकट सगळं कापलं की पुढच्या हंगामात नुसती पानं मोजायची. रोपं दाब कलमाने होतात, शेंडा मातीत पुरला की मुळं धरतो. टोमॅटो, बटाटा, वांगी घेतलेल्या जागेत लावू नये, त्या पिकांच्या मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते.

हिवाळ्यात थंडी लागते, आपल्या देशावरच्या उन्हाळ्यात हिचा निभाव कठीणच. व्यापारी लागवडीत न्यूझीलंडचं नाव मोठं.