ओठ लाल झाले की गाल का उतरतात?

आरशासमोर एक छोटा प्रयोग करून पाहा. चेहरा धुऊन, काहीही न लावता, खिडकीच्या उजेडात स्वतःकडे नीट बघा. मग फक्त लाल लिपस्टिक लावा, ओठ पुरते झाकणारी, गडद. बाकी काही नको. आता पुन्हा गालांकडे पाहा. मघाशी ताजे वाटणारे गाल बहुधा जरा उतरलेले दिसतील, किंचित पिवळट किंवा राखाडी. गालांना तर हातही लागलेला नाही. बदललाय तो त्यांचा शेजार.

शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, या गोष्टीचा कसून अभ्यास केला तो मिशेल युजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर लावायची चित्रं धाग्यांनी विणली जात (टॅपेस्ट्री). काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणल्या की त्यात दमच राहत नाही, अशी तिथे तक्रार होती. शेव्हरलने धागे तपासले. रंगात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळेच तो काळा निस्तेज दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यात कपड्यांच्या रंगांचा चेहऱ्याच्या वर्णावर काय परिणाम होतो, याचाही विचार केला. याच माणसाने आधी अनेक वर्षं तेलं आणि चरबी यांच्या रसायनशास्त्रात पायाभूत काम केलं होतं. लिपस्टिकची कांडी मेण आणि तेलाचीच असते, त्यामुळे या लेखात त्याचा हक्क दोन्हीकडून आहे असं मला वाटतं.

डोळ्यात होतं काय, तर रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार साधारण ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५३०ला, तिसरा ४२०ला. पहिल्या दोघांच्या संवेदना एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात की एकट्या पेशीला लाल आणि हिरवा वेगळा सांगता येत नाही. म्हणून पुढची यंत्रणा त्यांच्या संकेतांची वजाबाकी करते. ‘लाल की हिरवा’ हा एक तराजू, ‘पिवळा की निळा’ हा दुसरा. ओठांच्या जागी तराजू लालकडे जोरात झुकला की आजूबाजूच्या भागात तो हिरव्या बाजूला सरकतो. शिवाय नजर पुन्हा पुन्हा ओठांवर जाते, लालला सरावते आणि मग गालांवर येते, तेव्हा गालांतला स्वतःचा लालसरपणा तिला कमीच भासतो. अर्धा मिनिट लाल कागदाकडे टक लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की हिरवट-निळा डाग दिसतो ना, त्याचंच हे सौम्य रूप.

म्हणून लाल लिपस्टिकबरोबरचा ब्लश, म्हणजे गालांना लावायची लाली, ही हौसेची भर नसून भरपाई आहे. आणि भरपाई किती करायची, हे नुकसान झाल्यावरच कळतं. तेव्हा लिपस्टिक आधी लावा, ब्लश नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ब्लश आधी लावला तर आपण तो उघड्या ओठांच्या चेहऱ्याला जुळवतो आणि नंतर ओठ रंगवून सगळा हिशेबच बदलून टाकतो.

आता छटा कोणती? मराठीत लालला सुंदर नावं आहेत, आणि त्यांतली दोन इथे अगदी नेमकी कामाला येतात: किरमिजी आणि शेंदरी. निळ्याकडे झुकणारा लाल तो किरमिजी, पिवळ्याकडे झुकणारा तो शेंदरी. ‘किरमिजी’ या शब्दातच एक किडा दडलेला आहे. किरमीज नावाच्या किड्यांपासून हा रंग काढत. आजही अनेक लिपस्टिकमध्ये कार्माइन असतं, ते कोचिनियल या त्यांच्या नातलग किड्यांपासून मिळतं आणि त्याचं नावही त्याच मूळ शब्दातून आलेलं आहे.

कांडीकडे पाहून झुकाव ओळखणं मात्र अवघड असतं. जाड थरात सगळेच गडद लाल सारखे दिसू लागतात. त्यासाठी चित्रकारांची जुनी रीत वापरा. पांढऱ्या कागदावर लिपस्टिकचा ठिपका द्या आणि बोटाने तो लांबवर, अगदी पातळ होईपर्यंत ओढा. जिथे कागद खालून दिसू लागतो तिथे रंग आपलं मूळ उघड करतो. शेपूट गुलाबी-राणीकडे गेलं तर लाल किरमिजी, अबोली-केशरीकडे गेलं तर शेंदरी. त्या शेपटाचा जो रंग, साधारण तोच तुमच्या ब्लशचा. किरमिजी ओठांना गुलाबी घराण्यातला, शेंदरी ओठांना अबोली किंवा विटकरी घराण्यातला. तीच लिपस्टिक बोटाच्या टोकाने गालावर पुसट पसरली तरी चालते. घराणं चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. (डोळ्यांभोवती मात्र ती नेऊ नका. ओठांना चालणारं प्रत्येक रंगद्रव्य डोळ्यांजवळ चालतंच असं नाही.)

घराणं एक असावं, तीव्रता नाही. खरी लाली आठवा. लाज वाटली, धावून आलं, की चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा प्रकाश, साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, जास्त शोषतं. उरलेला प्रकाश आपल्याला लालसर दिसतो. पण हे सगळं त्वचेच्या आत घडतं, वरच्या थरांतून गाळून येतं, म्हणून कडा विरघळलेल्या असतात. ओठांवरचं आवरण पातळ असल्याने तिथलं रक्त अधिक स्पष्ट दिसतं, गालांवर तेच पुसट होतं. ओठ गडद आणि गाल मंद, हे प्रमाण शरीराने आधीच ठरवून ठेवलंय. ब्लशने ते मोडलं की चेहऱ्यावर तीन लाल ठिपके उरतात.

त्वचेचा गडदपणा इथे मोठा फरक पाडतो, आणि त्याबद्दल दिला जाणारा सल्ला अनेकदा चुकीचा असतो. ब्लशचा थर अर्धपारदर्शक असतो. दिसतं ते रंगद्रव्य आणि त्याखालची त्वचा यांचं मिश्रण. फिक्या गुलाबी ब्लशमध्ये रंग फिका करण्यासाठी बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड असते. गोऱ्या त्वचेवर ती मिसळून जाते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तीच पूड खालच्या रंगापेक्षा उजळ पडते आणि राख फासल्यासारखी दिसते. ओठांवरचा लाल तो राखाडीपणा आणखी उठवतो. तिथे हवेत पांढऱ्याची भेसळ नसलेले गडद रंग: विटकरी, मरून, गडद राणी. डबीत ते भीतीदायक वाटतात, पण गालावर पातळ लावले की आतून आल्यासारखे दिसतात. ‘सावळ्या रंगाला सौम्य छटाच शोभतात’ हे ऐकून कितीजणींनी स्वतःच्या त्वचेला दोष दिला असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं. दोष त्या पांढऱ्या पुडीचा होता.

डोळ्यांसाठी थोडक्यात. रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये दाखवलं की डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्या उजळपणातला फरक स्त्रियांच्या चेहऱ्यात पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि मेकअप नेमका तो फरक वाढवतो. लाल लिपस्टिकने ओठांकडचा फरक वाढलेला असतोच. पापण्यांच्या मुळाशी काळी किंवा गडद तपकिरी रेघ आणि मस्कारा एवढ्याने डोळे मागे पडत नाहीत. पापणीवर लालसर छटा मी टाळीन. तिथली लाली रडल्याची किंवा जागरणाची वाटते.

राहिला उजेड. एलईडी दिव्याच्या खोक्यावर अनेकदा सीआरआय नावाचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतील ते सांगणारा. तो आठ सौम्य रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल हा नववा, त्या सरासरीत तो धरलेलाच नसतो. म्हणून आकडा चांगला असलेल्या दिव्याखालीही लाल मेलेला दिसू शकतो, आणि तो भरून काढायला आपण ब्लशचा आणखी एक हात फिरवतो. निवड खिडकीपाशी करा.

आणि संध्याकाळी, दिवे लागण्याआधी, पुन्हा एकदा आरशात पाहा. उजेड फार कमी झाला की शंकुपेशींचं काम रेटिनातल्याच दुसऱ्या पेशी, दंडपेशी, घेऊ लागतात. त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक सजग असतात, आणि लालसाठी जवळजवळ आंधळ्या. मंद उजेडात लाल असा काळवंडतो याची नोंद यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्येच केली होती. त्या वेळी सकाळचे लालभडक ओठ काळपट दिसतात, आणि गालांवर ब्लश पातळ असेल तर तो आहे की नाही हेही कळत नाही. जाड असेल तर तिथे दोन सावल्या दिसतात.