नदीतला पारा शेवटी कुणाच्या पोटात जातो

समजा एक मासा लॅबमध्ये तपासला आणि त्यात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा निघाला. बऱ्याच ठिकाणी हीच मर्यादा धरतात, म्हणजे मासा पास. आता जरा हिशोब करू. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलंय की माणसाच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मिथाइल मर्क्युरी (माशातला पारा बहुतेक याच रूपात असतो) पोटात जाऊ नये, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६. शहरातला माणूस आठवड्यातून एकदा २०० ग्रॅम मासा खातो, त्याच्या पोटात १०० गेले, मर्यादेच्या किंचित वर, पण जवळपास काठावरच. नदीकाठच्या आदिवासी वस्तीत मात्र मासा हेच रोजचं जेवण, तिथे दिवसाला ३०० ग्रॅम धरा, झाले आठवड्याला १०५०! मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट, आणि मासा तोच, पास झालेला.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. पर्यावरण बिघडलं की सगळ्यांचंच नुकसान होतं असं आपण सरसकट बोलून मोकळे होतो, पण विष पोचतं खाण्यातून, आणि जो नदीतूनच जेवतो त्याच्यापर्यंत ते सगळ्यात जास्त पोचतं.

पारा नदीत येतो कुठून? अॅमेझॉनच्या खोऱ्यात बराचसा सोन्यापायी. तिथे बरंचसं सोनं गाळात बारीक कणांच्या रूपात असतं, बेकायदा खाणवाले पंप लावून काठ फोडतात, गाळात पारा मिसळतात, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो, मग तो गोळा गॅसच्या टॉर्चने तापवला की साधारण ३५७ अंशांना पारा उकळून उडून जातो आणि सोनं मागे राहतं. स्वस्तातलं काम. माणसाच्या उद्योगांमुळे जगभर हवेत जो पारा जातो त्यातला सुमारे ३८ टक्के या छोट्या सोनेखाणींमधून जातो, कोळसा जाळण्यापेक्षाही जास्त, हे पहिल्यांदा वाचलं की विश्वास बसत नाही.

गंमत म्हणजे नुसता चकचकीत पातळ पारा गिळला तर आतड्यातून फारसा शोषला जात नाही (वाफ मात्र भयंकर, श्वासातून थेट रक्तात). खरा घोळ होतो नदीच्या तळाशी. तिथल्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही बॅक्टेरिया पाऱ्याला कार्बनचा एक छोटा तुकडा जोडतात आणि मिथाइल मर्क्युरी तयार होतं, हे काम करणारी जीन्सची जोडी सापडली २०१३ मध्ये. ते शेवाळात जातं, शेवाळ खाणाऱ्या किड्यात, किडे खाणाऱ्या छोट्या माशात, छोटे मासे खाणाऱ्या मोठ्या माशात, आणि शरीरातून बाहेर पडायचा वेग इतका कमी की प्रत्येक पायरीवर साठा वाढतच जातो, वरच्या शिकारी माशात पाण्याच्या तुलनेत लाखो पट. शिवाय ते माशाच्या मांसातल्या प्रोटीनलाच चिकटलेलं असतं, त्यामुळे चरबी काढा, उकळा, भाजा, काही उपयोग नाही.

आपल्या शरीरात ते सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडी जमवतं आणि ही जोडी मेथिओनाइन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, म्हणून मेंदूचा पहारा तिला आत सोडतो. नाळेतूनही ते असंच जातं, आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त प्रमाण निघतं. म्हणजे आई धडधाकट दिसतेय आणि परिणाम होतोय पोटातल्या बाळाच्या घडत असलेल्या मेंदूवर.

मोजायला सोपं आहे तसं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा सोबत घेतो, त्यामुळे लांब केस असेल तर कोणत्या महिन्यात किती खाल्लं तेही कळतं. ब्राझीलमध्ये तापाजोस नदीच्या खोऱ्यात मुंडुरुकू आदिवासींच्या तीन गावांत फिओक्रूझ या सरकारी आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये सुमारे २०० लोक तपासले, पारा प्रत्येकात सापडला आणि दहातल्या जवळपास सहा जणांत तो सुरक्षित मर्यादेच्या वर होता. ब्राझीलमधल्याच यानोमामी आदिवासींच्या भागात तर खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून मलेरियाही फोफावला, आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

बरं, खाण असलीच पाहिजे असंही नाही. कॅनडात क्वेबेकमध्ये ला ग्रांद नदीवर धरणं बांधली, क्री आदिवासींच्या जमिनीवर. पारा कुणीच ओतला नाही. पण जंगल पाण्याखाली गेलं, झाडंपाला कुजायला लागला, बॅक्टेरियांना खाऊ मिळाला आणि मातीत आधीपासून असलेल्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी झालं. शिकारी माशांमधलं प्रमाण खाली यायला २० ते ३० वर्षं लागतात. वीज मात्र स्वच्छ म्हणून विकली गेली.

अशा वेळी सरकारी सल्ला ठरलेला असतो, मासे कमी खा. ऐकायला ठीक वाटतं हो, पण त्याऐवजी खायचं काय? दुकानातलं पिठाचं आणि साखरेचं, तेही लांबून आणून महाग. कॅनडातच ऑन्टारियोमधल्या ग्रासी नॅरोज या अनिशिनाबे आदिवासींच्या वस्तीच्या वरच्या बाजूला एका केमिकल प्लांटने १९६२ ते १९७० मध्ये सुमारे ९ टन पारा नदीत सोडला, १९७० मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली, म्हणजे जेवण गेलं आणि रोजगारही गेला. मिनामाटा आजारावर (जपानमध्ये पाऱ्याने दूषित मासे खाऊन झालेल्या) काम केलेले जपानी डॉक्टर मासाझुमी हाराडा १९७५ मध्ये तिथे गेले तर त्यांना तीच लक्षणं दिसली. नदी साफ करायला ८.५ कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं तिथल्या प्रांतिक सरकारने कबूल केलं ते २०१७ मध्ये.

यापेक्षा डोकं वापरलेला सल्ला तापाजोसच्याच काठच्या एका गावात दिला गेला (ते मुंडुरुकूंचं गाव नव्हे). मासे कमी करू नका, फक्त दुसरे मासे न खाणारे मासे जास्त खा. काही वर्षांत लोकांच्या केसातला पारा बराच उतरला आणि ताटातला मासा तेवढाच राहिला. पण यासाठी नदीत फळं-पानं खाणारे मासे भरपूर असावे लागतात, आणि खाणवाल्यांनी काठ फोडून पाणी गढूळ केलं की तेही कमी व्हायला लागतात.