अध्ययन अक्षमतेची रेघ आणि ती ओढणारे हात

अमेरिकेतील सरकारी शाळांत एखादे मूल वाचनात सतत मागे पडू लागले, की त्याला विशेष शिक्षण मिळावे की नाही याचा निर्णय पालक, शिक्षक व तज्ज्ञ मिळून घेतात आणि त्यात शालेय मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांना मोठे वजन असते. तेथे विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ (वाचन, लेखन वा गणित अशा ठरावीक गोष्टी शिकण्यात येणारी अडचण) या एकाच गटात मोडतात.

या गटाची जुनी कसोटी १९७७ च्या नियमांनी घालून दिली: बौद्धिक क्षमता आणि प्रत्यक्ष संपादणूक यांत ‘तीव्र तफावत’ दिसली पाहिजे. तीव्र म्हणजे किती, हे मात्र राज्याराज्यांत वेगळे ठरले. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) १५ असलेल्या चाचण्यांवर कुठे १५ गुणांची, तर कुठे २२ गुणांची तफावत मागितली गेली. समजा, एखाद्या मुलीचा बुद्ध्यांक १०० आणि वाचनाचा गुणांक ७९ आहे. २२ गुणांची अट असेल तर ती एका गुणाने अपात्र ठरते. प्रत्यक्षात तीच चाचणी पुन्हा घेतली, तर गुण सहज तीन-चारने खालीवर होतात. शिवाय पहिली-दुसरीत एवढी तफावत साठलेली नसते, म्हणून मदत मिळण्यासाठी मुलाने आधी पुरेसे अपयशी व्हावे लागे.

मोजमापातील ही त्रुटी मानसशास्त्रज्ञ प्रशिक्षणातच शिकलेले असतात, आणि त्यांच्या मनातील द्वंद्वाचे मूळ येथेच आहे. समोरच्या मुलाला मदतीची गरज आहे हे दिसत असताना नियम आडवा आला, तर नियमाचा अर्थ सैल लावण्याकडे कल झुकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोरॅडो राज्यातील एका अभ्यासात, अध्ययन अक्षम ठरवलेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांची लक्षणे अधिकृत व्याख्येशी जुळत होती. याला अप्रामाणिकपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तरीही या सहृदयतेची किंमत आहे: कोणासाठी नियम वाकेल हे तपासणाऱ्यावर अवलंबून राहते, आणि कागदोपत्री सगळे सुरळीत दिसल्यामुळे नियमातला दोष झाकला जातो.

वाचनावरील संशोधनाने तर या कसोटीचा पायाच हलवला. तफावत असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची कच्ची वाचक मुले शब्दांतील ध्वनी सुटे करण्यात बहुतांशी सारखीच अडखळतात. विशेष शिक्षणाच्या २००४ च्या केंद्रीय कायद्याने मग राज्यांना तफावतीची सक्ती करण्यास मनाई केली. योग्य, संशोधनसिद्ध अध्यापनाला मूल कसा प्रतिसाद देते, हे पाहून निर्णय घेण्याची वाट मोकळी झाली.

या बदलाचे अनेकांनी स्वागत केले, कारण मदत निदानाच्या आधीच सुरू होते. त्याच वेळी, स्मृती, भाषा व माहिती हाताळण्याचा वेग यांचे सखोल परीक्षण सोडून देण्यास या व्यवसायातील बरेच जण राजी नाहीत, आणि त्यांची शंका रास्त आहे. किती आठवडे शिकवायचे, किती प्रगती ‘पुरेशी’ मानायची आणि शिकवणे खरोखर नीट झाले का, हे ठरवताना पुन्हा एक रेघ ओढावीच लागते. काही ठिकाणी तर अध्यापनाचे टप्पे पूर्ण होईपर्यंत मूल्यमापनच लांबवले जाऊ लागले. अखेर जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाला राज्यांना लेखी कळवावे लागले, की या पद्धतीच्या नावाखाली मुलाचे मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही.