जपानी योकाई: लाकडी ठशांपासून मांगापर्यंत

नदीत राहणारा कप्पा नावाचा जीव, रूप पालटणारा कोल्हा, बर्फातली हिमस्त्री, एका पायावर उड्या मारणारी छत्री ही पात्रे मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, अॅनिमे म्हणजे तिथले चलत्चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांमध्ये वारंवार भेटतात. ती फार प्राचीन काळापासून जशीच्या तशी चालत आली असावीत, असा वाचकाचा सहज समज होतो. इ.स. ७१२ मधील ‘कोजिकी’ आणि ७२० मधील ‘निहोन शोकी’ या ग्रंथांत देवांच्या आणि राजवंशाच्या उत्पत्तीच्या कथा आहेत, आणि त्यांतील सूर्यदेवी अमातेरासु व तिचा उद्दाम भाऊ सुसानोओ आजच्या कथांतही डोकावतात. परंतु योकाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुताखेतांचे आणि अद्भुत जीवांचे आजचे रूप बव्हंशी गेल्या अडीचशे वर्षांत घडलेले आहे, आणि ते घडवणाऱ्या अनेक माणसांची नावेही आपल्याला ठाऊक आहेत.

त्याआधी योकाई चित्रांत नव्हते असे नाही. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहातील शिंजुआन येथे जपलेल्या मुरोमाची काळातील (चौदावे ते सोळावे शतक) प्रसिद्ध चित्रगुंडाळीत रात्री निघालेली योकाईंची मिरवणूक आहे, आणि तिच्यात जुनी भांडी, वाद्ये, चपला हातपाय फुटून चालताना दिसतात. शंभर वर्षे वापरलेल्या वस्तूत जीव येतो, ही समजूत त्यामागे आहे. पण अशी गुंडाळी पाहायला मिळे ती मोजक्यांनाच. चित्रकार तोरियामा सेकिएन यांनी १७७६ मध्ये ‘गाझु ह्याक्की याग्यो’ हा चित्रग्रंथ लाकडी ठशांनी छापून प्रसिद्ध केला, आणि परिस्थिती पालटली. त्यांनी मिरवणूक मोडली आणि एका पानावर एक योकाई, शेजारी त्याचे नाव, अशी कोशासारखी मांडणी केली. १७८४ पर्यंत त्यांनी असेच आणखी तीन संच काढले. लोकांत प्रचलित असलेले जीव संपत आले, तेव्हा जुन्या काव्यातून आणि शब्दांच्या कोट्यांतून त्यांनी नवे योकाई रचले. आज ‘पारंपरिक’ म्हणून दाखवले जाणारे कितीतरी योकाई मूळचे सेकिएन यांच्या कल्पनेतले आहेत, आणि मला यात परंपरेची फसवणूक मुळीच दिसत नाही. परंपरा वाढते ती अशीच.

मेइजी काळात (१८६८–१९१२) आधुनिक होऊ पाहणाऱ्या जपानला ही भुते लाजिरवाणी वाटू लागली. तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो यांनी अंधश्रद्धा निर्मूलनासाठी देशभर फिरून योकाईंच्या हकिकती गोळा केल्या आणि त्यांची शास्त्रीय उकल करून दाखवली. लोक त्यांना ‘योकाई-पंडित’ म्हणू लागले, आणि ज्या कथा त्यांना पुसायच्या होत्या त्यांचा मोठा साठा त्यांच्याच व्याख्यानांत शिल्लक राहिला. लेखक लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये जपानला आले, पुढे कोइझुमी याकुमो या नावाने तिथलेच झाले. त्यांच्या पत्नी सेत्सु त्यांना गोष्टी सांगत, आणि पुस्तकात न पाहता, स्वतःच्या शब्दांत सांग, असा हर्न यांचा आग्रह असे. १९०४ मध्ये निघालेला त्यांचा ‘क्वाइदान’ हा संग्रह इंग्रजीत होता. तो अनुवादित होऊन जपानमध्ये परतला, आणि आज तिथे हिमस्त्रीची जी कथा सर्वाधिक परिचित आहे ती त्यांच्याच मांडणीतली आहे.

लोककथांच्या अभ्यासाला खरे वळण दिले ते यानागिता कुनिओ यांनी. ईशान्य जपानच्या डोंगराळ तोनो भागातील सासाकी किझेन या तरुणाने सांगितलेल्या ११९ हकिकती त्यांनी १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पहिली आवृत्ती अवघी ३५० प्रतींची होती. त्यातील झाशिकी-वाराशीची हकिकत पाहावी. हा लहान मुलाच्या रूपातला जीव ज्या घरात राहतो त्या घराची भरभराट होते. एकदा गावातल्या माणसाला पुलाजवळ दोन अनोळखी मुली भेटतात. कुठून आलात, या प्रश्नावर त्या मागोझाएमोनच्या घरून निघालो असे सांगतात आणि दुसऱ्या गावातल्या एका घराचे नाव घेऊन पुढे जातात. मागोझाएमोनच्या घराचे आता संपले, हे तो माणूस ओळखतो. थोड्याच दिवसांत मागोझाएमोनच्या घरची वीसहून अधिक माणसे विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी मरतात आणि सात वर्षांची एक मुलगी तेवढी उरते. यात ना अलंकार ना बोध. घर, गाव, माणूस यांची नावे घेऊन केलेली कोरडी नोंद आहे, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

यानागिता यांच्या नोंदींना चेहरा दिला मांगाकार मिझुकी शिगेरु यांनी. १९२२ मध्ये जन्मलेले मिझुकी साकाइमिनातो या बंदराच्या गावी वाढले आणि शेजारच्या एका म्हातारीकडून त्यांनी लहानपणी भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या. दुसऱ्या महायुद्धात आजच्या पापुआ न्यू गिनीतील राबाउल येथे त्यांनी डावा हात गमावला. पुढचे सारे काम एका हाताने झाले. त्यांचा प्रसिद्ध नायक कितारो हाही पूर्णपणे त्यांचा नव्हे. थडग्यात जन्मलेल्या बाळासाठी रोज रात्री दुकानातून मिठाई विकत नेणाऱ्या मृत आईची जुनी लोककथा आहे. तिच्यावरून १९३० च्या दशकात रस्त्यावर चित्रे दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांसाठी एक मालिका तयार झाली, आणि १९५४ च्या सुमारास मिझुकी यांनी तो धागा उचलला. १९६० च्या दशकात कितारो साप्ताहिकात आला, १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर.

त्यांची रीत नुरिकाबेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. फुकुओकाच्या किनारी भागात रात्री चालताना अचानक पुढे भिंत उभी राहते. वरच्या बाजूला मारून उपयोग नाही, काठीने तळाशी झाडले की ती नाहीशी होते, एवढीच यानागिता यांची नोंद होती. तिथे चित्र नव्हते, फक्त अनुभव होता. मिझुकी यांनी त्याची डोळे आणि पाय असलेली प्रचंड करडी भिंत केली, आणि तेव्हापासून बहुतेक जपानी मुलांच्या डोळ्यांसमोर नुरिकाबे म्हणून तीच उभी राहते. चित्र मिळाल्यामुळे नोंद जगली, यात शंका नाही; पण अंधारात वाट अडण्याची ती निराकार भीती त्या भिंतीमागे बरीचशी झाकली गेली, हेही मान्य करायला हवे. आजच्या रूपांतरांविषयी माझी हीच एक तक्रार आहे. नवे जोडण्यात दोष नाही, परंतु कथा ज्या नदीची, घाटाची किंवा घराची होती ते ठिकाण पुसले गेले की ती कुठलीच राहत नाही. साकाइमिनातोमध्ये रस्त्याच्या कडेने मिझुकी यांच्या योकाईंचे १७७ कांस्य पुतळे उभे आहेत. त्यांतल्या अनेकांची मूळ गावे मात्र तिथून फार दूर आहेत.

या साऱ्या साखळीचे अलीकडचे ठळक उदाहरण आमाबिए या समुद्री योकाईचे. १८४६ मधील एक छापील बातमीपत्र क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकत असे. अधिकारी पाहायला गेला, तेव्हा लांब केस, चोच आणि खवले असलेला जीव पुढे आला. सहा वर्षे सर्वत्र पीक चांगले येईल, पण रोगही पसरेल. तेव्हा माझे चित्र काढून लोकांना दाखवा, असे सांगून तो समुद्रात गेला. मिझुकी यांनी याचेही रंगीत चित्र काढले होते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरत असताना त्यांच्या चित्रसंस्थेने ते समाजमाध्यमांवर ठेवले. त्याच सुमारास व्यावसायिक चित्रकार, शाळकरी मुले, मिठाईवाले अशा असंख्य लोकांनी आपापली आमाबिए काढून प्रसिद्ध केली, आणि एप्रिलमध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने संसर्ग रोखण्याच्या आवाहनासाठी तिचेच चित्र वापरले.