खाटेभोवतीच्या चौघांची परीक्षा

पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, तोंडाच्या कर्करोगाने खंगलेल्या 62 वर्षांच्या एका रिक्षाचालकाची कल्पना करू. डॉक्टरांनी त्यांना दर चार तासांनी घ्यायची मॉर्फिनची वेदनाशामक गोळी लिहून दिली आहे, परिचारिकेने जखमेचे ड्रेसिंग कसे बदलायचे ते त्यांच्या पत्नीला करून दाखवले आहे, समाजसेविकेने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद पूर्ण करून दिले आहेत आणि फिजिओथेरपिस्टने आखडलेल्या मानेचे व्यायाम शिकवले आहेत. चौघांचेही काम चोख आहे, आणि तरीही तो माणूस रात्रभर कण्हतो. या गोळ्यांचे व्यसन लागते असे शेजारच्या कोणी सांगितल्यामुळे पत्नी रात्रीची गोळी देत नाही, आणि ही भीती तिने फक्त समाजसेविकेजवळ बोलून दाखवली आहे. गोळीने पोट साफ होत नाही म्हणून ते स्वतःही दिवसाची एखादी गोळी टाळतात, हे फक्त परिचारिकेला ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांपर्यंत पोचलेल्याच नाहीत. हे चौघे विद्यार्थी असते, तर आपापल्या परीक्षेत चौघेही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले असते.

उपशामक सेवेच्या शिक्षणातला सर्वांत अवघड प्रश्न इथे आहे. आजार बरा होणार नसेल तेव्हाही वेदना, धाप, भीती, घरातली ओढाताण आणि मनातले न बोललेले दुःख हलके करण्याचे हे शास्त्र एका व्यवसायाच्या आवाक्यात कधीच नव्हते. 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगे असतात, ही त्यांची ‘समग्र वेदने’ची कल्पना या तिहेरी अनुभवाशी जोडूनच वाचावी लागते. पण प्रत्येक सेवकाने तीन पदव्या घ्याव्यात अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून जे त्यांच्या एकटीत एकवटले होते, ते आज चौघापाचजणांच्या चमूकडून घडावे लागते. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र 1997 पासून हे काम करत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांना ती मिळते. शिकलेली माणसे वाढवणे हा यावरचा एक उपाय आहे. मात्र ती खरोखर शिकली आहेत की नाही, हे ओळखायचे कसे?

वैद्यकीय शिक्षणात यासाठी जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड वापरला जातो: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात ते करणे. मॉर्फिन सुरू करताना बद्धकोष्ठावरचे औषधही सोबत द्यावे, हे पहिल्या पायरीवरचे ज्ञान आहे आणि ते बहुपर्यायी प्रश्नाने चांगले तपासता येते. आत्मविश्वासाची प्रश्नावली मात्र मला फारशी भरवशाची वाटत नाही. ‘मृत्यूविषयी बोलणे मला जमते’ या वाक्यापुढे पाचपैकी चार गुण स्वतःच स्वतःला देणारा विद्यार्थी प्रत्यक्ष खाटेपाशी काय करील, हे त्यावरून कळत नाही, कारण स्वतःच्या कौशल्याचा माणसाचा अंदाज बाहेरून केलेल्या मोजमापाशी पुष्कळदा जुळत नाही. तरीही अनेक प्रशिक्षणांचे मूल्यमापन अशा प्रश्नावलीवरच थांबते, कारण ती स्वस्त आणि झटपट असते.

करून दाखवण्याच्या पायरीसाठी दोन जुनी साधने आहेत. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये प्रशिक्षित व्यक्तीला रुग्णाच्या भूमिकेत बसवण्याची पद्धत आणली, आणि रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून ‘ऑस्की’ ही परीक्षा पुढे आणली, जिच्यात विद्यार्थी ठरावीक वेळात एकेका टेबलापाशी जाऊन नेमून दिलेले काम करून दाखवतो आणि परीक्षक आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देतो. ही परीक्षा मराठीतून घ्यायची तर संहिताही मराठी मनातून यायला हवी. भूमिकेतला रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘डॉक्टर, आता सोडवा यातून.’ हे वाक्य ऐकून विद्यार्थी लगेच गोळीचा डोस वाढवतो की खुर्ची जवळ ओढून ‘सोडवा म्हणजे काय वाटतं तुम्हाला, आजोबा?’ असे विचारतो, यात फार मोठा फरक आहे. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा, आयुष्यभर वारी केलेली एखादी आजी खाटेवरून ‘यंदा माउली पुढे गेली, मी मागे राहिले’ असे म्हणेल. तिच्या या दुःखाला औषध नाही, पण त्याची नोंद घेणारे कोणी आहे का, हे तपासता येते. ‘त्यांना काही सांगू नका हं’ अशी मुलाने दारातच केलेली विनंती हा तिसरा प्रसंग, आणि आपल्याकडे कदाचित सर्वांत नेहमीचा. मुलाला न दुखावता, वडिलांना किती जाणून घ्यायचे आहे हे त्यांच्याकडूनच हळुवार काढून घेणे हे खरे कौशल्य आहे.

अशा वेळी निकषांची यादी फसवते. ‘सहानुभूतीचे वाक्य उच्चारले’ या ओळीपुढे खूण करायची असेल, तर विद्यार्थी ते वाक्य पाठ करून येतो आणि रुग्णाकडे न पाहता म्हणून टाकतो. उलट एखादी विद्यार्थिनी अर्धा मिनिट गप्प बसते, आणि त्या शांततेसाठी यादीत जागाच नसते. म्हणून यादीसोबत अनुभवी परीक्षकाचे समग्र मत आणि भूमिकेतल्या रुग्णाचे मत दोन्ही घ्यावे. मतांत तफावत पडते हे खरे, पण एका परीक्षकावर न विसंबता अनेक प्रसंग आणि अनेक परीक्षक ठेवले की ती बरीच कमी होते.

चमूचे गुण हा याहून गुंतागुंतीचा भाग. सगळ्यांना सारखे गुण दिले तर न बोलणारा बोलणाऱ्यांच्या जिवावर तरतो. वेगवेगळे दिले तर प्रत्येकजण आपली चमक दाखवू लागतो आणि ऐकणे मागे पडते. माझ्या मते दोन्ही गुण हवेत, आणि वैयक्तिक गुणांचा मोठा वाटा दुसऱ्याने सांगितलेली माहिती आपल्या निर्णयात कशी वापरली यासाठी राखून ठेवायला हवा. परिचारिकेने बद्धकोष्ठाचा मुद्दा काढला आणि भावी डॉक्टरने त्याच बैठकीत औषधयोजना बदलली, तर गुण दोघांनाही मिळावेत. पुण्यात याला प्रशासकीय अडचणही आहे: एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओथेरपी यांच्या परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर समाजकार्याचा विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परीक्षेला बसतो. एकाच खाटेभोवती उभे राहणार असलेल्या या चौघांचे वेळापत्रकसुद्धा एक नसते. त्यामुळे निदान अंतर्गत मूल्यमापनात तरी महाविद्यालयांनी आपसांत ठरवून एक संयुक्त प्रसंग ठेवावा, असे मनापासून वाटते.

शेवटची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष कामातले वागणे, एका दिवसाच्या परीक्षेत पकडता येत नाही. तिथे गृहभेटींच्या नोंदवह्या, सहकाऱ्यांचे आणि कुटुंबीयांचे अभिप्राय आणि काही महिन्यांनी पुन्हा केलेले निरीक्षण उपयोगी पडते. मृत्यूच्या छायेतल्या माणसाला विद्यार्थ्याचे गुण विचारणे अर्थातच योग्य नव्हे. पण घरच्यांना योग्य वेळी, हलक्या शब्दांत विचारता येते.

एक साधी चाचणी मात्र कोणत्याही संस्थेला उद्यापासून घेता येईल. गृहभेट संपल्यावर चौघा विद्यार्थ्यांना वेगवेगळे बसवावे आणि प्रत्येकाला कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: या माणसाला आज सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे, उद्या कोण काय करणार आहे, आणि रात्री दोन वाजता कळ उठली तर पत्नीने कोणाला फोन करायचा. मग चारही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, आणि तोच तिसरा प्रश्न पत्नीलाही विचारावा.