एडिटरमधले रंग बिघडतात तेव्हा

एके दिवशी एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, माझ्या कोडमधल्या कॉमेंट्स (माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) दिसेनाशा झाल्या. पुसल्या गेल्या नव्हत्या. शोधलं की सापडत होत्या, कर्सर त्यांच्यावरून व्यवस्थित फिरत होता. डोळे ताणून पाहिलं तेव्हा कळलं, काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या अक्षरांत त्या जागच्या जागी होत्या. मग बराच वेळ मी पडद्याचा ब्राइटनेस वरखाली करत बसलो. व्यर्थ.

काळ्यावर निळं का दिसत नाही, याचं उत्तर एडिटरपेक्षा आपल्या डोळ्यात आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चिमुकले दिवे. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं दिसतं, पण त्या पांढऱ्याच्या उजळपणात तिघांचा वाटा सारखा नसतो. एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकाच्या पडद्यावर सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. निळा दिवा कितीही पेटवा, डोळ्याला तो मंदच वाटतो. मजकुराच्या वाचनीयतेसाठी वेबवर जे डब्ल्यूसीएजी नियम वापरतात, त्यांत साध्या मजकुराचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (दोन्हींच्या उजळपणाचं प्रमाण) किमान ४.५ हवं असं म्हटलंय. काळ्यावर पांढऱ्याचं ते २१ येतं. काळ्यावर शुद्ध निळ्याचं फक्त २.४. तोच निळा पांढऱ्यावर ठेवला की ८.६! ब्राइटनेस वाढवून का भागलं नाही, तेही यात आलं: काळं आणि निळं दोन्ही सारख्याच पटीत उजळतात, गुणोत्तर होतं तेवढंच राहतं.

म्हणजे रंग चुकीचा नव्हता, तो भलत्या पार्श्वभूमीसाठी निवडलेला होता. व्हिम या एडिटरमध्ये याची सोय फार जुनी आहे. ‘बॅकग्राउंड’ नावाच्या सेटिंगला ‘लाइट’ किंवा ‘डार्क’ सांगायचं. ‘लाइट’ असेल तर जीव्हिममध्ये, म्हणजे स्वतःच्या खिडकीत चालणाऱ्या व्हिममध्ये, कॉमेंट शुद्ध निळी रंगते; ‘डार्क’ असेल तर लाल १२८, हिरवा १६०, निळा २५५ अशा फिक्या निळ्यात. हिरव्याची भर पडताच काळ्यावरचं गुणोत्तर ८.४ वर जातं. एडिटरचा अंदाज चुकला असेल तर हे सेटिंग बदलणारी एक ओळ पुरते.

मुळात साध्या मजकूर फाइलमध्ये रंग नावाची गोष्टच नसते. असतात फक्त बाइट्स, म्हणजे आकडे. एडिटर ते वाचतो, हा शब्द, ही संख्या, ही कॉमेंट असं ओळखतो आणि रंगसंगतीच्या यादीत बघून रंग देतो. मग फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी पडदा. बिघाड यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे कळलं की अर्धं काम झालं. त्यासाठी मला सगळ्यात आवडणारं हत्यार म्हणजे स्क्रीनशॉट. तो काढायचा आणि दुसऱ्या उपकरणावर पाहायचा. दोष तिथेही दिसला तर तो सॉफ्टवेअरमध्ये. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर पडदा, केबल किंवा चित्र तयार झाल्यानंतर चढलेली काहीतरी प्रक्रिया. पांढरं पिवळट दिसायला लावणारा नाइट मोड बहुतेक वेळा याच शेवटच्या गटात निघतो.

स्क्रीनशॉट खूप मोठा करून पाहिला तर कधीकधी काळ्या अक्षरांच्या कडांना तांबूस-निळसर झालर दिसते. हा बिघाड नाही. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेल्या क्लिअरटाइपसारख्या युक्तीत ठिपक्यातले तीन दिवे वेगवेगळे वापरून अक्षराची कड जास्त बारीक काढतात. मात्र दिव्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे लाल-हिरवा-निळा असा गृहीत धरलेला असतो. मॉनिटर उभा फिरवला की गृहीतक कोसळतं आणि झालर खरोखरच डोळ्यांत खुपते.

उरलेली अर्धी फाइल अचानक एकाच रंगाची झाली तर रंगसंगतीला हात लावू नका. वर कुठेतरी अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. पण कोड बरोबर असूनही लांबलचक फाइलच्या मधोमध रंग चुकत असतील, तर दोष व्हिमच्या काटकसरीचा. वेळ वाचवायला तो दरवेळी सुरुवातीपासून वाचत नाही; थोडं मागे जाऊन आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतो. ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ म्हटलं की मुकाट पहिल्या ओळीपासून वाचतो.

खिडकीत सुरेख दिसणारी रंगसंगती टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) भडक का होते? खिडकीला १,६७,७७,२१६ रंग मिळतात, टर्मिनल अनेकदा २५६ वर चालतं. त्या २५६ मधल्या २१६ रंगांत प्रत्येक दिव्याच्या पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५ अशा आहेत. पहिलीच उडी ९५ ची! गडद निळसर पार्श्वभूमीला मधे उभं राहायला जागाच नाही. ती एकतर भडकते किंवा राखाडी होते.

काहीच सुचत नसेल तर एडिटर कोऱ्या सेटिंगने उघडून पाहावा. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये त्यासाठी कॅपिटल ‘क्यू’चा पर्याय आहे. दोष गेला तर तो आपल्याच सेटिंग फाइलमध्ये आहे. मग निम्म्या ओळी बंद करायच्या, पाहायचं, उरलेल्यांतल्या निम्म्या बंद करायच्या. ६४ ओळींतून दोषी ओळ ६ फेऱ्यांत हाती लागते.

आतापर्यंतच्या कुठल्याच दोषाने फाइलला धक्का लागत नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तरी नाही; फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत एवढंच. पण चौकोनांऐवजी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं, तर एडिटरला बाइट्सच वाचता आलेले नाहीत, एन्कोडिंग (कुठले बाइट्स म्हणजे कुठलं अक्षर हा नियम) चुकलंय. अशा फाइलवर सेव्ह दाबलं तर मूळ बाइट्सच्या जागी ती प्रश्नचिन्हंच लिहिली जाऊ शकतात. ती आधी न सेव्ह करता बंद करावी आणि योग्य एन्कोडिंग सांगून पुन्हा उघडावी.