प्रोलॅक्टिन वाढलंय? रक्त कधी आणि कसं घेतलं, ते आधी पाहा

पाळी लांबली, दिवस राहत नाहीत किंवा बाळंतपण नसताना अंगावर दूध आलं, की डॉक्टर प्रोलॅक्टिन तपासायला सांगतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतून हे संप्रेरक रक्तात येतं. बायकांमध्ये साधारण 25, पुरुषांमध्ये 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत नॉर्मल. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. रिपोर्टवर 38 दिसलं, की घरात ‘डोक्यात गाठ’ अशी कुजबुज सुरू होते. एवढी घाई नको.

प्रोलॅक्टिन झोपेत चढतं आणि जाग आल्यावर हळूहळू उतरतं. ताणानेही वाढतं, सुईची धास्तीसुद्धा पुरते. मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने सोलापूरला आलेली, स्टँडपासून उन्हातून भरभर चालत लॅबचा जिना चढलेली बाई खुर्चीत टेकते न टेकते तोच दंडाला रबर बांधलं, तर आकडा थोडा वाढूनच यायचा. उठल्यावर दोन-तीन तासांनी, अर्धा तास शांत बसवून रक्त घेणं चांगलं.

गोळ्यांचं तर बरेचदा कुणी विचारतच नाही. मेंदूतलं डोपामिन एरवी प्रोलॅक्टिनला आवर घालतं. ॲसिडिटी-मळमळीवर सर्रास घेतलं जाणारं डॉमपेरिडोन, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन हा आवर काढून घेतात. (मानसोपचाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका.) थायरॉईड कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, गरोदरपणात तर वाढणारच.

काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिनला शरीराचीच अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारं प्रथिन) चिकटलेली असते. हा जोड आकाराने मोठा, त्यामुळे शरीराबाहेर पडायला वेळ घेतो; काम जवळजवळ काहीच करत नाही, पण मशीन त्यालाही मोजतं. अशा वेळी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे रसायन घालून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवतात. मोठे रेणू तळाशी बसतात आणि वरच्या द्रवात खरं प्रोलॅक्टिन किती, ते कळतं. त्रास काहीच नसताना आकडा वाढलेला असेल, तर ही तपासणी जरूर मागा. नाहक औषधं आणि एमआरआयचा खर्च वाचू शकतो.

उलटही घडतं, आणि ते जास्त घातक. चाचणीत लॅबने वापरलेल्या दोन अँटिबॉडी प्रोलॅक्टिनच्या एकाच रेणूला दोन बाजूंनी धरतात, आणि अशा जोड्यांवरून आकडा निघतो. प्रोलॅक्टिन अफाट असलं, की दोघी वेगवेगळ्या रेणूंना धरून बसतात, जोडी जमत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. एमआरआयमध्ये गाठ मोठी आणि रिपोर्ट मात्र 60-70 चा, असं दिसलं तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा तपासावा लागतो.

आकडा 200 च्या वर असेल, तर प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीची शंका बळावते. ही गाठ कर्करोगाची असणं अत्यंत दुर्मिळ. बहुतेकांची कॅबरगोलिनने आकसते आणि ती गोळीसुद्धा रोज नाही, आठवड्यातून एक-दोनदाच घ्यायची असते.